रॅपरने कपड्यांचा ब्रँड काढावा का? आधी माइकचा हात वर करून बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय 23, राहायला कळव्याला, चार वर्षं मराठीत रॅप करतोयस. एक गाणं बऱ्यापैकी चाललं, आता महिन्याला दोन-तीन शो मिळतात. एका होलसेलवाल्याने तुला गाठलं आणि म्हणाला, तुझ्या नावाचा ब्रँड काढू, पहिला लॉट 500 हुडींचा, निम्मे पैसे तुझे, निम्मे माझे. तुझ्या वाट्याला पावणेदोन लाख येतात आणि आई एफडी मोडायला तयार झालीय. शेवटी अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टचं उदाहरण देऊन तू विचारलंयस, "कान्येने केलं तसं रॅप बाजूला ठेवून पूर्णच फॅशनमध्ये उतरू का?"

एफडी मोडू नकोस. बाकीचं आता सविस्तर सांगते. (अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.)

मी पॅटर्न मास्तर. बाईला मास्तर म्हणतात का, तर म्हणतात. माझे कारागीर "मास्तरताई" म्हणतात. लोअर परळला एका गाळ्यात 24 वर्षं सॅम्पलिंग, म्हणजे नमुन्याचे कपडे शिवायचं काम, करतेय. चार मशिनं, एक कटिंग टेबल, बस्स. डिझायनर कागदावर चित्र काढतो, त्याचा अंगावर बसणारा कपडा करायचं काम माझं. सुरुवातीला एक्स्पोर्टवाल्यांची कामं असायची. गल्लीतल्या रॅपवर 2019 मध्ये तो मोठा हिंदी सिनेमा आला आणि त्यानंतर रॅपर पोरं यायला लागली. भांडुप, कुर्ला, धारावी, डोंबिवली, कुठून कुठून. फोनवर एक फोटो दाखवायची आणि म्हणायची, "ताई, सेम असंच पाहिजे, फक्त मागे माझं नाव."

त्यातल्या एकाची गोष्ट आधी सांगते, कारण तुझी गाडी त्याच रुळावरून चाललीय. त्याने 600 हुडी काढल्या. काळ्या, 320 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 320 ग्रॅम, जाड कापड), पाठीवर हातभर प्रिंट. सॅम्पल मी शिवलं होतं. माल हातात आला एप्रिलच्या शेवटी. मुंबईत, एप्रिलमध्ये, हुडी! पहिल्या दोन आठवड्यांत मित्र आणि जवळचे फॅन मिळून दीडशेच्या आसपास गेल्या, मग विक्री थांबली. उरलेल्या दिवाणाच्या पोटात, माळ्यावर, बाथरूमच्या वरच्या फळीवर. पावसाळ्यात उघडून बघितलं तर दमट वास आणि प्रिंटवर प्रिंट चिकटलेली. घडी सोडवायला गेलं की अक्षरं सोलून निघत होती. यात माझीही चूक होती. सॅम्पल देतानाच म्हणायला हवं होतं, की बाबा, हे नोव्हेंबरला काढ आणि साठच काढ. मला काम हवं होतं, मी गप्प बसले. म्हणून आज तुला न विचारता सांगतेय.

तेव्हा हुडी की टी-शर्ट, रॅप की फॅशन, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा, की न खपलेला माल कोणाच्या घरात पडणार? तुझ्या होलसेलवाल्याच्या बोलीत याचं उत्तर आहे का बघ. निम्मे पैसे दोघांचे, पण कापड तो कुठल्या भावाने लावणार? त्याच्या गोदामात आधीच पडून असलेला लॉट तुझ्या नावाने खपवतोय का? सगळेच तसे असतात असं नाही. काही माणसं सरळ असतात, माल परत घेतात, हिशेब दाखवतात. तुझा माणूस कसा आहे हे मला इथून कळणार नाही. पण खर्चाचा कागद मागितल्यावर तो काय करतो, ते तुला लगेच कळेल.

आता कान्येचं. सगळ्यांना त्याचा शेवटचा मजला दिसतो, जिना दिसत नाही. पहिला अल्बम 2004 चा. पुढच्या पाच वर्षांत त्याच्याकडे पुरेशा ग्रॅमी होत्या आणि तो स्वतःचा कपड्यांचा ब्रँडही काढायच्या खटपटीत होता. पास्टेल नाव होतं. तो ब्रँड दुकानात पोचायच्या आधीच 2009 मध्ये गुंडाळला गेला. त्याच वर्षी हा माणूस रोमला फेंडी या फॅशन कंपनीत इंटर्न म्हणून गेला, बरोबर दोस्त व्हर्जिल अब्लो. महिना 500 डॉलरवर. जगभर स्टेडियम भरवणारा माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून बसला. एवढं करूनही 2011 मध्ये पॅरिसला त्याने बायकांच्या कपड्यांचं कलेक्शन दाखवलं तेव्हा समीक्षकांनी पिसं काढली. फिटिंग जमलेलं नव्हतं. नाइकीबरोबरचे बूट 2009 पासून चालू होते, मग 2013 मध्ये अदिदासशी करार, आणि 2015 च्या फेब्रुवारीत येझी या त्याच्या ब्रँडचं पहिलं कलेक्शन. म्हणजे पास्टेल बुडाल्यापासून सहा वर्षं. आणि त्यातही कारखाना, साचे, गोदाम, दुकानं सगळं अदिदासचं. नाव आणि नजर त्याची, माल कंपनीच्या घरात.

शेवटही त्याच हिशेबाने बघ. ज्यूंविरुद्ध तो जे बरळला, त्यानंतर ऑक्टोबर 2022 मध्ये अदिदासने करार तोडला. पडून असलेला येझीचा माल विकता आला नाही तर 2023 मध्ये 1.2 अब्ज युरोंची विक्री बुडेल, असं कंपनीनेच जाहीर केलं. पुढे तो माल त्यांनी टप्प्याटप्प्याने विकला आणि त्यातला काही पैसा देणगी म्हणून दिला. एवढ्या मोठ्या कंपनीला न खपलेल्या मालाचा घाम फुटतो. तुझ्या आईच्या एफडीचं काय घेऊन बसलास.

व्हर्जिलची गोष्ट तुझ्या जास्त जवळची आहे. तो रॅपर नव्हता; शिकला आर्किटेक्चर, पार्ट्यांना डीजे असायचा, कान्येच्या कामात मदत करायचा. 2012 मध्ये त्याने दुसऱ्या ब्रँडचे सेलमध्ये निघालेले चौकड्यांचे फ्लॅनेल शर्ट उचलले, त्यांच्यावर स्वतःचं प्रिंट मारलं आणि साधारण 40 डॉलरचा शर्ट 550 ला विकला. लोक हसले, पण व्यापारी म्हणून मला त्यात अक्कल दिसते. कापडात, शिलाईत, साइझमध्ये एक पैसा न अडकवता त्याने फक्त एवढं तपासलं, की माझ्या नजरेला गिऱ्हाईक आहे का. ते आहे म्हटल्यावर 2013 मध्ये ऑफ-व्हाइट हा स्वतःचा ब्रँड आणि 2018 मध्ये लुई व्हितॉं या फ्रेंच फॅशन कंपनीत पुरुषांच्या कपड्यांच्या मुख्य डिझायनरची गादी. 2021 मध्ये तो गेला, 41 व्या वर्षी. त्या गादीवर 2023 मध्ये फॅरेल विल्यम्स आला, संगीतातलाच माणूस. पण फॅरेलने जपानी डिझायनर निगोबरोबर आपला ब्रँड काढला होता 2003 मध्ये. मधली वीस वर्षं तो तेच करत होता, आणि गाणीही करत होता.

हे लक्षात घे, की यातल्या कोणीही संगीत सोडून उडी मारली नाही. शो आणि गाणी चालू होती म्हणून कपडे बघणारे डोळे होते. तू रॅप बाजूला ठेवलास की सहा महिन्यांत तुझ्या टी-शर्टवरचं नाव वाचून समोरचा विचारेल, हे कोण?

तुझ्या आणि होलसेलवाल्याच्या बोलण्यात दोन वेगळी कामं एकत्र झालीत, ती सोडवून सांगते. एक असतं नाव विकणं. शो संपला, पोरगं भारावलेलं आहे, त्याला आठवण म्हणून काहीतरी घरी न्यायचंय. तिथे तयार टी-शर्टवर चांगलं प्रिंट पुरतं. कट कसा आहे कोणी बघत नाही. दुसरं असतं कपडा विकणं. तुझं एकही गाणं न ऐकलेला माणूस हँगरवरून तो शर्ट उचलतो, घालतो, आरशात वळून बघतो आणि विकत घेतो. पहिल्याला मर्चंडाइज म्हणतात, फॅशन म्हणतात ते दुसऱ्याला. पहिल्यावर मिळणारा पैसा तुझ्या गाण्याचा असतो, दुसऱ्यावरचा कापडाचा. तुझा होलसेलवाला पहिल्याचा माल दुसऱ्याच्या आकड्यात काढायला सांगतोय.

आणि महागडे कपडे घालणं हे तर तिसरंच. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन, त्याचे 80 हजारांचे बूट सगळ्यांना पाठ आहेत. ते त्याच्या गाण्याचा भाग आहेत, ताडीवाला रोडवरून निघालेल्या पोराने केलेली घोषणा आहे ती. मला ते आवडतं. पण त्यातून बूट बनवता येत नाहीत.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एक रॅपर आला, स्वतःचा आवडता ओव्हरसाइझ टी-शर्ट घेऊन. म्हणाला, असाच पॅटर्न काढा, पण काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. मी म्हटलं, शोमध्ये उभा राहतोस तसा उभा राहा. त्याने पट्टी उचलून माइकसारखी धरली, कोपर वर गेलं, आणि टी-शर्टची एक बाजू सरळ बेंबीपर्यंत वर. दुसऱ्या हाताने तो ती खाली ओढत होता आणि ओढतोय हे त्याला माहीतही नव्हतं. चार वर्षं स्टेजवर तेच करत असणार.

कारण सोपं आहे. ओव्हरसाइझमध्ये खांदा खाली उतरवलेला असतो आणि आर्महोल, म्हणजे बाहीचा घेर जिथे अंगाला जोडतो ते भोक, तेही खूप खाली नेतात. दिसायला ऐसपैस. पण आर्महोल जितकं खाली, तितका हात वर करताना सगळा कपडा बरोबर उचलला जातो. लोकांना उलटं वाटतं, सैल म्हणजे मोकळं. मी आर्महोल चार सेंटीमीटर वर घेतलं, बाहीचा माथा थोडा बसका केला, म्हणजे बाही अंगापासून बाहेरच्या बाजूला राहते, आणि काखेत पतंगाच्या आकाराची कळी घातली, आपल्या जुन्या बंडीला असायची तशी. अंगाची रुंदी तेवढीच ठेवली. परत पट्टी उचलायला लावली. खालची कड दोन बोटं हलली, बस्स. पोरगं आरशासमोर तीनदा हात वर-खाली करून हसायला लागलं.

हा शर्ट म्हणजे माझ्या मते रॅपरने फॅशनमध्ये यायचं एक खरं कारण. डिझायनरला माहीत नसतं की माइक धरलेला हात दीड तास कुठे असतो, घाम कुठून फुटतो, स्टेजवर कानात घालायच्या इन-इअरची वायर कुठून जाते. तुला माहीत आहे. शिवाय तू कळव्याचा. सकाळच्या लोकलला दारात उभं राहिल्यावर मोबाइल कुठल्या खिशात सुरक्षित राहतो, जूनमध्ये कुठलं कापड वाळत नाही, हे तुला ठाऊक आहे. रन-डीएमसी या अमेरिकन रॅप ग्रुपने 1986 मध्ये अदिदासवर गाणं केलं ते बूट त्यांच्या गल्लीत पोरं घालत होती म्हणून. कंपनी नंतर आली आणि करार घेऊन आली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1982 पासून डॅपर डॅन नावाचा माणूस रॅपर लोकांना जॅकेटं शिवून द्यायचा, मोठ्या ब्रँडच्या खुणा स्वतः कातड्यावर छापून. ब्रँडवाल्यांनी छापे घालून, कोर्टकज्जे करून 1992 मध्ये त्याचं दुकान बंद पाडलं. 2017 मध्ये गुची या मोठ्या ब्रँडने त्याच्याच जुन्या जॅकेटासारखं जॅकेट काढलं, बोंब झाली, आणि मग त्याच्याशीच हातमिळवणी केली. शिंपी म्हणून मला ही गोष्ट फार गोड वाटते.

आमच्या बाजूच्या रॅपरांचं बघ. नायझीने कुर्ल्यात आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं, डिव्हाइन जेबी नगरची गल्ली घेऊन आला, स्वदेसी ग्रुपची पोरं मराठीत आरेच्या जंगलावर बोलली. या सगळ्यांच्या गाण्यात जागा ऐकू येते. मुंबईच्या रॅपरांचे कपडे मात्र बहुतेक अजून अमेरिकेतल्या थंडीचे.

पैशाचं बोलू. हे माझ्याकडचे अलीकडचे दर आहेत, तुला थोडा फरक पडेल. 240 जीएसएमचा सुती ओव्हरसाइझ टी-शर्ट, 100 पीसचा लॉट: कापड साधारण 165 रुपये, कटिंग-शिलाई 55, एक-दोन रंगांचं स्क्रीन प्रिंट 60, लेबल आणि पॅकिंग 20. म्हणजे 300 चा पीस, 30 हजारांत काम. 799 ला विकलास तर त्यातच 5 टक्के जीएसटी धर, हातात 760 राहतात. 40 पीस गेले की मुद्दल सुटलं. चाळीस पीस तू दोन शोमध्ये विकू शकतोस का? याचं उत्तर तुलाच माहीत, आणि ते "नाही" असेल तर 500 चा विषयच संपला. साइझ सारखे वाटून काढू नकोस. ओव्हरसाइझला माझा अंदाज एस 15, एम 30, एल 35, एक्सएल 20. तुझे श्रोते कॉलेजची बारकी पोरं असतील तर एम वाढव.

कापड घेताना एक खटाटोप कर. होजिअरीच्या तुकड्यावर पेनाने 50 बाय 50 सेंटीमीटरचा चौकोन आख, घरच्या मशीनमध्ये धू, वाळव, परत मोज. लांबी 47 भरली तर कापड 6 टक्के आटतं, तो लॉट घेऊ नकोस. नाहीतर पहिल्या धुण्यात एलचा एम होतो आणि पोरं कमेंटमध्ये तुझी धुलाई करतात. प्रिंटही असंच. प्लास्टिसॉलची शाई साधारण 160 अंशांना नीट भाजली गेली नाही तर ताणल्यावर भेगा पडतात. प्रिंटरकडे उभं राहून पहिला पीस दोन्ही हातांनी ताणून बघ. त्याला राग येईल, येऊ दे. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, 1982 च्या संपात घरी बसले ते परत गेले नाहीत, पण मरेपर्यंत दुकानात गेले की कापड अंगठा-तर्जनीत चोळल्याशिवाय भाव विचारायचे नाहीत. दुकानदार वैतागायचे.

नावाचं काम मात्र आजच कर, ब्रँड काढ नाहीतर काढू नकोस. तुझं रॅपचं नाव ट्रेडमार्क म्हणून स्वतःच्या नावाने नोंदव. कपड्यांसाठी वर्ग 25, गाण्या-शोसाठी वर्ग 41. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी वर्गामागे 4500 रुपये, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे वाढवता येते. होलसेलवाला म्हणेल, "ते मी करतो, तू टेन्शन घेऊ नको." तिथेच थांब. अर्जावर मालक म्हणून ज्याचं नाव, त्याचा ब्रँड. अमेरिकन रॅपर जे-झीने रोकावेअर हा कपड्यांचा ब्रँड 1999 मध्ये काढला आणि 2007 मध्ये त्याचे हक्क 20 कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकले. नाव हातात होतं म्हणून विकता आलं. रॅपर शॉन कोम्ब्स, पूर्वीचा पफ डॅडी, त्याला तर शॉन जॉन या ब्रँडसाठी 2004 मध्ये अमेरिकेतला पुरुषांच्या कपड्यांचा सर्वोच्च डिझायनर पुरस्कार मिळाला. 2016 मध्ये त्याने मोठा हिस्सा विकला, घेणारी कंपनी बुडाली आणि 2021 मध्ये स्वतःच्याच नावाचा ब्रँड त्याने 75 लाख डॉलर मोजून परत घेतला. माणूस म्हणून त्याचं पुढे जे बाहेर आलं ते वेगळं, त्याबद्दल मला काही चांगलं बोलायचं नाही. पण स्वतःचं नाव विकत घ्यायची पाळी कशी येते ते बघ.

होलसेलवाल्याला पूर्ण नकार द्यायलाच हवा असंही नाही. त्याला उलटी बोली लाव: भांडवल आणि न खपलेला माल तुमचा, नाव माझं, मला प्रत्येक विकलेल्या पीसमागे ठरलेली रक्कम, करार दोन वर्षांचा, डिझाइन माझ्या होकाराशिवाय छापायचं नाही. तो तयार झाला तर उत्तम, हुडी काय, कानटोप्या काढू दे. तो मागे हटला तर 500 हुडी खपतील यावर त्याचाही विश्वास नव्हता, हे तुला फुकटात कळलं.

आणि तुला खरंच कपड्यात यायचं असेल, नुसतं नाव छापायचं नसेल, तर आठवड्यातले दोन दिवस एखाद्या मास्तरकडे जाऊन बस. पगार मागू नकोस, चहा आणून दे. कळवा-मुंब्र्यात, धारावीत, उल्हासनगरात हजारो मशिनं आहेत. कापडाचे थर कसे घालतात, मार्कर, म्हणजे पॅटर्नचे तुकडे कापडावर मांडायचा नकाशा, कसा बसवला की कापड वाचतं, ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशिनांची शिवण वेगळी का, हे सहा महिन्यांत डोळ्यांत बसतं. संध्याकाळी शो कर. मशिनीच्या आवाजावर चार ओळी सुचल्या तर तो बोनस.

तोवर एक सॅम्पल शिवून घे. एकच. तीनदा धू, एका शोला घाल, लोकलने घरी जा. मग माइक धरलेला हात वर करून समोरून आणि बाजूने असे दोन फोटो टाक इथे, साधा भिंतीसमोर उभा राहून, फिल्टर नको. आर्महोल किती वर घ्यायचं ते मी सांगते.